वाइनची जबाबदारी हिग्जकडे होती

भौतिकशास्त्राच्या पोरांनी नाचायचं कधी, क्विझला बसायचं कुठल्या पबात, हूडीचा रंग कोणता आणि वर्षअखेरच्या बॉलला शाकाहारी लोकांनी खायचं काय, हे ठरवायला एक पद असतं. त्या पदाची निवडणूक होते. निवडणुकीला जाहीरनामा लागतो, भाषण लागतं, भाषणानंतर प्रश्न झेलावे लागतात, गुप्त मतदान होतं आणि मतं पसंतीक्रमाने मोजतात, थेट आपल्या विधानपरिषदेसारखी! एडिंबरा विद्यापीठातलं माझं पहिलं वर्ष मी यातलं काहीही माहीत नसताना काढलं. कसं काढलं, देव जाणे.

पदाचं नाव सोशल सेक्रेटरी. इथे सगळे नुसतं ‘सोशल सेक’ म्हणतात. बुद्धिबळवाल्यांत, डोंगर चढणाऱ्यांत, नाटकवाल्यांत, जिथे म्हणून विद्यार्थ्यांची सोसायटी आहे तिथे बहुधा हे पद असतं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही मंडळी कागदपत्रं बघतात. सोशल सेक उरलेलं सगळं बघतो, म्हणजे लोक ज्यासाठी सोसायटीत येतात ते.

आता आमचा विभाग कसा आहे ते सांगते. तो शहराच्या मध्यात नाही. दक्षिणेला, किंग्ज बिल्डिंग्ज नावाच्या आवारात, काँक्रीटची एक करडी भलीमोठी इमारत आहे, तिचं नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेल बिल्डिंग, तोंडात जेसीएमबी. देखणी अजिबात नाही. पण तिचा पत्ता पीटर गथ्री टेट रोड! आवारातल्या बाकीच्या रस्त्यांना मॅक्स बॉर्न, मॅरियन रॉस अशी नावं. सकाळी नऊच्या लेक्चरला धावताना पाठ्यपुस्तकाच्या सूचीतून धावल्यासारखं होतं. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या आत मावळतो. लॅबमधून बाहेर यावं तर रात्र. सांगलीहून आलेल्या मुलीला हे पचायला वेळ लागतो. पहिल्या हिवाळ्यात मी लॅब, खोली, लायब्ररी एवढ्याच तीन बिंदूंत फिरत होते आणि घरी फोनवर ‘छान चाललंय’ म्हणत होते.

मग दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, ग्लासगोच्या एका मैत्रिणीने मला ओढत केलीला नेलं.

केली म्हणजे स्कॉटलंडचा सामूहिक नाच. अकॉर्डियन, फिडल आणि ड्रम वाजवणारी जिवंत मंडळी मंचावर असतात आणि एक ‘कॉलर’ असतो, जो प्रत्येक नाच सुरू व्हायच्या आधी पावलं समजावून सांगतो आणि चालू नाचात ओरडून आठवण करत राहतो. त्यामुळे काहीही येत नसलं तरी चालतं. खरं तर काहीही न येणारे निम्मे असतात, तीच गंमत. जानेवारीतच, २५ तारखेला, रॉबर्ट बर्न्स या त्यांच्या लाडक्या कवीचा जन्मदिवस असतो, त्यामुळे त्या आठवड्यात अख्खं शहर नाचत असतं. तिथे ‘स्ट्रिप द विलो’ नावाचा एक प्रकार झाला. समोरासमोर दोन लांब रांगा. वरच्या टोकाच्या जोडीने कोपरात कोपर अडकवून गरागरा फिरायचं, सोडायचं, समोरच्या रांगेतल्या पहिल्या माणसाच्या कोपरात दुसरा कोपर अडकवायचा, फिरायचं, सोडायचं, परत जोडीदाराकडे, परत पुढचा माणूस, असं रांगेच्या शेवटपर्यंत. आणि अख्खी रांग हे करत असताना पुढची जोडी निघालेली असते!

ही तर फुगडी! हात धरायच्याऐवजी कोपर, आणि थांबायचं नावच नाही. मी लहानपणी मंगळागौरीत फुगडीला कुणाला ऐकत नव्हते. मी शरीराचं वजन मागे टाकून अशी काही फिरले की समोरचा, चांगला सहा फुटी, गणिताचा विद्यार्थी, घाबरून हसायला लागला. खोलीवर आल्यावर झोप कुठली, मी आकडेमोडच करत बसले. दोन सेकंदांत एक फेरी, केंद्रापासून अंतर अर्धा मीटर धरा. अभिकेंद्री त्वरण येतं ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ बरोबर निम्मं. म्हणजे समोरच्याला आपल्या वजनाच्या निम्म्या बळाने धरून ठेवावं लागतं, एका कोपराने! दंड का दुखत होता ते कळलं. पहिल्या वर्षी हे सूत्र मी वहीत वीस वेळा तरी लिहिलं असेल, दंडात पहिल्यांदाच आलं.

आणखी एक नाच सांगायलाच हवा, ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’. यात तिघांचा गट तिघांसमोर उभा राहतो, फेरी झाली की एक गट हात उंचावतो, दुसरा त्या कमानीखालून पलीकडे जातो आणि दोन्ही गटांसमोर नवे तिघे उभे असतात. परत पहिल्यापासून. म्हणजे कुणालाही ‘माझ्याबरोबर नाचतोस का’ असं विचारायची गरज नाही, ‘तू कुठल्या वर्षाला’ हेही नाही. दर मिनिटाला तीन नवे चेहरे आपोआप समोर येतात, हसतात आणि पुढे जातात. ज्याने हा नाच रचला त्याला लाजाळू माणसांचं मन कळत होतं. वर्षभरात मला जेवढे वर्गमित्र तोंडओळखीने माहीत झाले नव्हते तेवढे त्या एका नाचात झाले.

घरी जाताना मी मैत्रिणीला विचारलं, हे सगळं घडवून कोण आणतं? हॉल कोण ठरवतं, बँडला पैसे कोण देतं? ती म्हणाली, सोशल सेक. मी विचारलं, नेमतं कोण त्याला? ती म्हणाली, नेमत नाहीत, निवडतात, मार्चमध्ये. तू उभी राहा की.

उभी राहा की! जसं काही छत्री घे की.

आता आमच्या घरात कॉलेजची निवडणूक हा बाबांच्या जुन्या आठवणींचा विषय आहे. त्यांच्या वेळी सांगलीत जी.एस.ची निवडणूक व्हायची, गुलाल उधळायचे, जीपा फिरायच्या, आणि कधीकधी डोकीही फुटायची. मग १९९४चा विद्यापीठ कायदा आला आणि महाराष्ट्रात खुल्या निवडणुका बंद झाल्या, वर्गात पहिला येईल तो सी.आर. अशी पद्धत सुरू झाली. २०१६च्या नव्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली खरी, पण माझ्या डोक्यात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे मार्कांनी झालेला, सरांच्या मागे हजेरीपट घेऊन चालणारा मुलगा. मतं मागायची, तीही नाच ठरवायच्या पदासाठी, हे मला अगदीच बेबंद वाटलं. म्हणजे भलतंच आवडलं.

फोनवर आईचा पहिला प्रश्न, ‘अभ्यासाचं काय?’ बाबांचा पहिला प्रश्न, ‘विरोधात कोण आहे?’ आजीचा पहिला प्रश्न, ‘निवडून आलीस तर पगार किती?’ पगार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मग गणपती मंडळासारखंच की गं. कर, कर. पण वर्गणीचा हिशेब दुसऱ्याच्या हातात ठेव.’ खजिनदार वेगळा असतो हे ऐकून तिचं समाधान झालं.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. जाहीरनाम्यासाठी काही मसाला मिळेल म्हणून मी आमच्या विभागाचा इतिहास चाळायला घेतला. पीटर हिग्ज आमचेच. १९६४ साली त्यांनी इथेच बसून हिग्ज बोसॉन या कणाकडे नेणारे ते दोन छोटे निबंध लिहिले, २०१२च्या ४ जुलैला सर्न प्रयोगशाळेने तो कण सापडल्याचं जाहीर केलं, २०१३ला नोबेल मिळालं, आणि एप्रिल २०२४ मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, ते गेले. एवढं सगळ्यांना माहीत असतं. नोबेल जाहीर झालं त्या दिवशी ते फोन टाळायला बाहेर जेवायला गेले होते आणि बातमी त्यांना रस्त्यात भेटलेल्या जुन्या शेजारणीकडून कळली, हेही पुष्कळांना माहीत असतं.

पण हे माहीत होतं का? १९६० च्या उन्हाळ्यात एडिंबऱ्याजवळ डल्कीथला, न्यूबॅटल अ‍ॅबी नावाच्या जुन्या मठात, स्कॉटिश विद्यापीठांची भौतिकशास्त्राची पहिली उन्हाळी शाळा भरली. जगभरातून तरुण संशोधक आले. आणि त्या शाळेत एकतीस वर्षांच्या पीटर हिग्ज यांच्याकडे काम काय होतं? ते स्टुअर्ड होते. रात्रीच्या जेवणाची वाइन विकत आणायची आणि ती सांभाळायची!

हिग्ज सोशल सेक होते! मी लायब्ररीत मोठ्याने ‘अय्या’ म्हटलं आणि शेजारच्या दोघांनी वर पाहिलं.

थांबा, पुढे ऐका. त्या शाळेत शेल्डन ग्लॅशो होते, निकोला काबिबो होते, मार्टिनस व्हेल्टमन होते. यातल्या ग्लॅशोंना पुढे १९७९चं नोबेल मिळालं, व्हेल्टमनना १९९९चं. ही टोळी जेवणातल्या उरलेल्या बाटल्या हळूच लांबवायची, एका उंच लंबकाच्या घड्याळाच्या पोटात लपवायची आणि रात्री उशिरापर्यंत त्या पीत भौतिकशास्त्रावर गप्पा मारत बसायची. ग्लॅशोंच्या डोक्यात तेव्हा विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांना एकत्र बांधणारं मॉडेल होतं, जे १९६१ मध्ये छापून आलं. आणि हिग्ज? ते त्या बैठकीत नव्हते. हिग्ज यांनीच पुढे सांगितलंय हे सगळं. त्यांच्यामागे व्यवस्थेची कामं होती, त्यामुळे ते रात्र जागवू शकत नव्हते.

मला हे वाचून अक्षरशः उठून फेऱ्या माराव्याशा वाटल्या. कारण ग्लॅशोंच्या मॉडेलमध्ये एक मोठी अडचण होती: क्षीण बल वाहून नेणाऱ्या कणांना वस्तुमान यायला हवं होतं, पण ते गणिताचा डोलारा न पाडता आणायचं कसं हे माहीत नव्हतं. चार वर्षांनी हिग्ज यांनी (आणि बेल्जियममध्ये ब्राउट-अँग्लेर यांनी, आणि लंडनमध्ये आणखी तिघांनी) नेमका वस्तुमान आणायचा मार्ग शोधला, पण त्यांनी तो क्षीण बलाला लावला नाही. दोन तुकडे जुळायला १९६७ साल आणि स्टीव्हन वाइनबर्ग यावे लागले. आणि १९६० मध्ये, एका छपराखाली, एकाच वाइनच्या आसपास, दोन्ही तुकड्यांचे मालक हजर होते! ज्याने बाटल्या आणल्या त्यालाच गप्पांत बसायला मिळालं नाही. आता कुणी म्हणेल, हिग्ज यांना तेव्हा ती कल्पना सुचलीच नव्हती, बसून काय झालं असतं. असेल. पण मला तेवढ्यावर जाहीरनाम्याचं पहिलं कलम मिळालं: जो कार्यक्रम करतो त्याला कार्यक्रमात बसायला मिळालंच पाहिजे. दारावर, कोटांच्या खोलीत, पैसे घ्यायला, सगळीकडे अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या. एकट्या सोशल सेकने रात्रभर कार्ड मशीन धरून उभं राहायचं नाही.

एकदा हा धागा सापडल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. ज्याच्या नावाची आमची इमारत, तो मॅक्सवेल मित्रांत गिटार घेऊन स्वतः रचलेली विडंबनं म्हणायचा. बर्न्सच्या एका प्रसिद्ध गीताच्या चालीवर त्याने एकमेकांवर आपटणाऱ्या दृढ वस्तूंचं गाणं केलंय! तो आणि आमच्या रस्त्याला ज्याचं नाव आहे तो टेट शाळासोबती. १८७० मध्ये ब्रिटनमध्ये अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड निघालं आणि या दोघांनी एकमेकांना सांकेतिक भाषेतल्या कार्डांचा पाऊस पाडला. टेटच्या एका पुस्तकात उष्मागतिकीचं असं समीकरण होतं की डाव्या बाजूला डीपी बाय डीटी आणि उजव्या बाजूला जे, सी, एम ही तीन अक्षरं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल! तेव्हापासून मॅक्सवेल सही करायचा ‘डीपी बाय डीटी’. हा माणूस विद्युतचुंबकत्वाची समीकरणं लिहिणारा तोच. आणि टेट अंधारात चमकणारे गोल्फचे चेंडू करून रात्री गोल्फ खेळायचा, आणि मग चेंडूला मागे फिरकी दिली की तो हवेत जास्त वेळ का तरंगतो यावर गंभीर निबंध लिहायचा. १८६७ मध्ये त्याने एका खोक्यातून धुराची वलयं सोडून भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनला दाखवली; थॉमसनला वाटलं, अणू म्हणजे अशीच वलयं असतील. कल्पना चुकीची निघाली, पण टेट त्यातून गाठींचं वर्गीकरण करत बसला आणि गणितात गाठींचा एक अख्खा विषय उभा राहिला. धुराच्या खोक्यातून!

कोपनहेगनचं तर विचारूच नका. १९३२ मध्ये नील्स बोरच्या संस्थेत तरुणांनी गटेच्या ‘फाउस्ट’चं विडंबन केलं. परमेश्वर म्हणजे बोर, सैतान म्हणजे पाउली, आणि ज्या मुलीच्या प्रेमात पडायचं ती न्यूट्रिनो. आमच्याकडे गॅदरिंगला सरांची नक्कल करतात, तीच परंपरा, फक्त नट पुंजभौतिकी शोधणारे.

तर जाहीरनामा. पहिलं कलम वर सांगितलंच. दुसरं, दारू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमामागे एक बिनदारूचा. मी स्वतः पबमध्ये लाइम-सोडा घेऊन बसते आणि मला तिथे मजाही येते, कुणी आग्रह करत नाही. पण आमच्या वर्गात असे पुष्कळ आहेत जे पबचं नाव आलं की येतच नाहीत, आणि ते येत नाहीत हे येणाऱ्यांना कळतही नाही. तिसरं, आवाराच्या शेजारीच ब्लॅकफोर्ड हिल आहे, त्यावर १८९६ पासून रॉयल ऑब्झर्व्हेटरी आहे. थर्मासात चहा घेऊन रात्री टेकडीवर जायचं, आकाश मोकळं असेल तर ग्रह बघायचे, नसेल तर (स्कॉटलंडमध्ये बहुधा नसतंच) चहा तर आहे. चौथं, टेटच्या स्मरणार्थ धुराच्या वलयांची स्पर्धा: पुठ्ठ्याचं खोकं, पुढे गोल भोक, मागून थाप. लांबवरची मेणबत्ती जो विझवेल तो जिंकला.

पोस्टरवर मी एक फाइनमन आकृती काढली, म्हणजे कणांची देवाणघेवाण दाखवतात तसली. दोन सरळ रेषा, म्हणजे दोन विद्यार्थी, दोघे शेजारून एकमेकांकडे न बघता चाललेले. मध्ये नागमोडी रेषा, तिच्यावर समोसा. आणि समोशाच्या देवाणघेवाणीनंतर दोघांच्या दिशा एकमेकांकडे वळलेल्या. आकर्षणाचं बल. जेसीएमबीच्या बोळात ते लावल्यावर एका प्राध्यापकांनी थांबून बघितलं आणि विचारलं, ‘समोशाला वस्तुमान आहे, मग पल्ला कमी असणार?’ मी म्हटलं, ‘म्हणून तर जवळ यावं लागतं.’ ते हसत गेले. वाहक कणाला वस्तुमान असेल तर बलाचा पल्ला कमी, ही भौतिकशास्त्रज्ञ युकावाची सगळी कल्पना एका समोशात!

समोर दोन उमेदवार. एक बेल्फास्टचा, त्याचं आश्वासन स्कीइंगची सहल. एक अ‍ॅबर्डीनची मुलगी, शांत, मोजकं बोलणारी, तिचं आश्वासन फक्त एवढंच की प्रत्येक कार्यक्रमाची तारीख महिनाभर आधी कळेल. आणि चौथा उमेदवार रॉन! हा रॉन भन्नाट प्रकार आहे. मतपत्रिकेवर ‘री-ओपन नॉमिनेशन्स’ असा एक पर्याय असतो, त्याचं लाडाचं नाव रॉन. रॉन जिंकला तर निवडणूक रद्द, अर्ज परत मागवायचे. आपला नोटा २०१३ पासून मतयंत्रावर आहे, पण लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांतला पहिला निवडून येतोच. रॉनला मात्र दात आहेत. आमच्यातल्या काही टवाळ पोरांनी रॉनचाच प्रचार केला, मिशा लावून.

भाषणं एका लेक्चर थिएटरमध्ये झाली. याला हस्टिंग्ज म्हणतात. दोन मिनिटं बोलायचं, मग प्रश्न. ज्या फळ्यासमोर मी एरवी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसायचे त्याच फळ्यासमोर उभी राहून मी हिग्ज, वाइन आणि घड्याळाची गोष्ट सांगितली, आणि दोनशे खुर्च्यांच्या त्या जिन्यासारख्या खोलीत जी शांतता पसरली आणि मग जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. त्यातल्या कितीतरी जणांना ती गोष्ट माहीत नव्हती, त्यांच्याच विभागातली! प्रश्न एकेक असे: बॉलचं तिकीट स्वस्त कसं करणार, व्हीलचेअरवरून येता येईल असाच हॉल घेणार का (हा सगळ्यात चांगला प्रश्न होता, तिघांनीही हो म्हटलं, आणि तिघांनाही लगेच विचारलं गेलं, कुठला हॉल, नाव सांगा), आणि थिअरीवाल्यांना नाचायला कसं आणणार. मी म्हटलं, त्यांना नाच म्हणून सांगायचंच नाही, डॅशिंग व्हाइट सार्जंट हा क्रमपरिवर्तनांचा प्रश्न आहे म्हणून सांगायचं. मागच्या रांगेतून थिअरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बसूनच.

मग मतमोजणी. बाबा पुणे पदवीधर मतदारसंघाचे मतदार, त्यामुळे जांभळ्या स्केचपेनाने १, २, ३ लिहायचं, पहिल्या पसंतीची मतं, कोटा, बाद फेरी ही भाषा मी लहानपणापासून ऐकलेली, पण समजून कधीच घेतली नव्हती. इथे समजली. कुणालाही निम्म्याहून जास्त पहिली पसंती मिळाली नाही तर सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका फेकून न देता त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. म्हणजे मत वाया जात नाही, ते चालत राहतं!

पहिल्या फेरीत मी पुढे होते. चक्क पुढे. अ‍ॅबर्डीनची दुसरी, बेल्फास्टचा तिसरा, रॉन चौथा, मिशांसकट बाद. रॉनची मतं थोडी माझ्याकडे आली. मग बेल्फास्टचा बाद झाला, त्याच्या मतपत्रिका उलगडल्या, आणि त्या एकापाठोपाठ एक अ‍ॅबर्डीनच्या मुलीकडे जायला लागल्या. स्कीइंगला जाणाऱ्या माणसांना तारीख महिनाभर आधी कळणं फार गरजेचं असतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं! मी हरले, थोडक्यात.

आणि मी हरताना इतकी खूश होते की शेजारचा मला सांत्वनाला मिठी मारायला आला आणि गोंधळून थांबला. पण बघा ना! माझे चाहते होते, ज्यांना मी पहिली हवी होते. आणि तिचे, ज्यांना ती चालणार होती असे, जास्त होते. एकाच खोलीचं हे दोन्ही खरं, आणि ही पद्धत दोन्ही मोजते. साध्या मोजणीत मी जिंकले असते आणि खोलीतल्या बहुतेकांना थोडी नापसंत सोशल सेक मिळाली असती. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलंय की पसंतीक्रमावर चालणारी, सगळ्या रास्त अटी पाळणारी मतपद्धत असूच शकत नाही. मी ते आता मुळातून वाचतेय, पुंजभौतिकीच्या गृहपाठाच्या खाली लपवून. प्रत्येक पद्धतीत कुठेतरी फट असते. मी ज्या फटीतून पडले ती मला पूर्णपणे मान्य आहे.

बाबांना निकाल सांगितला तर ते म्हणाले, ‘पहिल्या पसंतीत आघाडी आणि दुसऱ्यात घात! अगं, हे आमच्याकडे मोठमोठ्यांचं झालंय.’ त्यांच्या आवाजात अभिमान होता. आजी म्हणाली, ‘बरं झालं. आता मंडळात काम कर आणि शिव्या तिला खाऊ दे.’

आजीचं राजकारण पक्कं आहे, कारण झालं तसंच. त्याच रात्री अ‍ॅबर्डीनच्या मुलीचा मेसेज आला: तुझं पाळ्यांचं कलम मी घेतलंय, धुराची खोकीही घेतलीत, टेकडीवरचा चहा तूच बघ, आणि पुढच्या केलीची तारीख ही. महिनाभर आधीची! खाली पाळ्यांचा तक्ता, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, आणि सगळ्यात वरच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव घातलेलं. मी दारावर साडेसात ते आठ घेतलंय. स्ट्रिप द विलो सव्वाआठला आहे, आणि त्या सहा फुटी गणितवाल्याला मी आधीच सांगून ठेवलंय की या वेळी बूट घट्ट बांधून ये.